जानरावचा डावा खांदा

तिवश्याजवळच्या गावातून मैनाबाई नवऱ्यासोबत अमरावतीत आली, त्या साली कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. सातासमुद्रापलीकडे अमेरिका म्हणून मुलूख आहे, तिथं भावाभावांत लढाई जुंपली आहे, विलायतेतल्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आहे, असं लोक एकमेकांना सांगत. मैनाबाईला त्यातलं एवढंच कळलं, की काल-परवापर्यंत अनवाणी फिरणारे गाडीवान आता बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवत होते आणि बाजारात हमाल मिळत नव्हते. तिच्या नवऱ्याला काम मिळायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही.

जानराव दारात उभा राहिला तर घरात अंधार व्हायचा. गावात हुतूतूचा डाव मांडला की त्याला कोणी आपल्यात घेत नसे, कारण तो पळायला लागला की उताराला लागलेल्या बैलगाडीसारखा पळे. थांबायचं कुठं ते त्यालाही ठाऊक नसे. पण खुशालराव अडत्याच्या हमालांचा मुकादम अब्दुल सत्तार हा जाणता माणूस होता. बाजारात बैल पारखावा तसं त्यानं जानरावकडे आधी पायांपासून पाहिलं, मग मांड्या पाहिल्या, मग पाठ पाहिली, आणि म्हणाला, "तू पोते नोको उचलू. तू नमुन्याच्या टोळीत ये."

नमुन्याची टोळी हे त्या दोन-तीन वर्षांतलंच खूळ होतं. सकाळी बाजाराची घंटा झाली की मुंबईच्या पेढ्यांचे मुनीम कडुलिंबाखालच्या ओट्यावर येऊन बसत. ज्या अडत्याच्या कापसाचा नमुना ओट्यावर आधी पोचेल, त्याच्या मालाची बोली आधी. त्यामुळे प्रत्येक अडत्यानं आठ-आठ गडी पोसले होते. एकाच्या बगलेत नमुन्याची गठडी, बाकी सात त्याच्यासोबत. वेशीपासून ओटा दोनशे पावलं. मध्ये गाड्या, बैल, माणसं आणि दुसऱ्या टोळ्या. मारायचं नाही, केस ओढायचे नाहीत, पण ढकलायला आणि अडवायला मुभा. गठडीला दुसऱ्या टोळीचा हात लागला की पुन्हा वेशीपासून सुरुवात.

खुशालरावाची गठडी जहीर नेत असे. जहीर पिंजाऱ्याचा पोरगा, विशी ओलांडलेला, वेताच्या काठीसारखा सडपातळ. तो गर्दीतून असा निसटे की लोक म्हणत, ह्यानं अंग धुतलं तर पाणीसुद्धा ह्याच्या अंगाला लागत नसेल. ओट्यावर पाय ठेवताच जयजयकार व्हायचा. हलवाई त्याला फुकट जिलेबी देत. कोण्या गाडीवानानं तर आपल्या बैलाचं नाव जहीर ठेवलं होतं.

आणि जानराव? जानराव संध्याकाळी घरी येऊन बंडी काढून मैनाबाईच्या पुढ्यात टाकायचा. बंडी डाव्या खांद्यावर फाटलेली. मैनाबाई सुई-दोरा घेऊन बसायची.

"अवो, तुमी करता तरी काय त्या टोळीत?"

"ढकलतो."

"कोणाले?"

"जो मधात येईन त्याले."

"आन् तो जहीर?"

"तो पळते."

हे ऐकून मैनाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. विहिरीवर बाया विचारत, तुझा नवरा कोणता गं? ती सांगे, जहीरच्या टोळीतला. मग बाया म्हणत, हो का, जहीर लई पळते बाप्पा! आणि बोलणं जहीरवरच जायचं. एकदा ती भाकरी थापता थापता फणकारली, "तुमच्या अंगात एवढं बळ हाये, त एक डाव ती गठडी तुमी कावून नाही घेत?"

जानराव साधा माणूस. त्यानं खरंच दुसऱ्या दिवशी सत्तारला विचारलं. सत्तारनंही गंमत म्हणून गठडी त्याच्या हाती दिली. जानराव निघाला तो सरळ. कडब्याची एक गाडी आडवी आली, तिला वळसा घालायचा असतो हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत तो कडब्यात डोक्यापर्यंत घुसला होता. बाजार आठ दिवस हसला. जानराव स्वतःही हसला. मैनाबाई मात्र हसली नाही.

पौषात तिला स्वतःलाच बाजारात काम लागलं. खुशालरावाच्या आवारात कापसाचा मोठा ढीग होता, दोन पुरुष उंच. त्यावर बसून कापसातली पानं-काड्या वेचायचं काम बायांचं. पहिल्या सकाळी ती शिडीनं वर चढली, टोपलं जवळ घेतलं, आणि घंटा झाली. तिनं खाली पाहिलं.

खालून पाहिलं तर बाजार म्हणजे नुसती डोकी. वरून तो वेगळाच दिसला, शेतात तास दिसावेत तसा. जहीर तिला चटकन सापडेना, कारण तो पळतच नव्हता. जानरावच्या पाठीमागे, त्याच्या कमरेवर हात ठेवून तो उभा होता आणि वाट पाहत होता. पुढं जानराव खाली वाकला होता, इतका की त्याची कंबर समोरच्यांच्या कमरेखाली गेली. पाय उचलत नव्हता, घासत होता, एक-एक वीत. त्याच्या शेजारी सत्तार. दोघांनी मिळून आधी एका आडदांड गड्याला मागं रेटलं. तो हलला तसा सत्तारनं त्याला जानरावच्या अंगावर सोडला आणि स्वतः पुढच्याला जाऊन भिडला. टोकाला पंजाबराव म्हणून एक लांब हातांचा गडी होता, तो बाहेरून येणाऱ्यांना नुसता थोपवून धरत होता. आणि मग जानरावचा डावा खांदा खाली गेला, समोरचा माणूस बाजूला कलला, आणि गर्दीत एका दाराएवढी फट पडली. तेवढ्याच वेळापुरती. जहीर त्या फटीतून गेला आणि फट मिटली. पलीकडे तो निघाला तेव्हा बाजारानं त्याला पाहिलं आणि ओरडायला सुरुवात केली.

मैनाबाईच्या हातातली काडी हातातच राहिली.

"अवो माय," ती शेजारच्या दुर्गाबाईला म्हणाली, "हे त आमच्या घरचं माणूस करून रायलं!"

त्या दिवशी तिनं जानरावला भाकरीवर लोण्याचा गोळा वाढला. तो म्हणाला, "आज काय सण हाये?" ती म्हणाली, "खा गुमान." पण जेवण झाल्यावर तिनं सगळं विचारून घेतलं. एवढं वाकता कशाला? समोरच्याच्या कमरेखाली गेलं नाही तर तो हलत नाही. पाय का घासता? उचललेल्या पायावर माणूस पडतो. जहीरचा हात कमरेवर कशाला? त्याला मागून काहीच दिसत नाही. माझी कंबर कुठं वळते ते त्याला हाताला कळतं, आणि त्यावरून तो ठरवतो कुठून निघायचं. जानराव एका दमात एवढं बोलला नव्हता कधी.

"हे तुमाले कोणं शिकोलं?"

"वावरात रुतलेली गाडी काढतो नं आपण. तसंच हाये."

आता ती रोज पाहायची. आणि रोज पाहणाऱ्याला जे दिसतं ते तिला माघ उजाडता दिसलं. अकोल्याच्या एका अडत्यानं त्या हंगामात अमरावतीच्या बाजारात टोळी आणली होती. तिचा मुकादम रामराव, पन्नाशीचा, कमी बोलणारा, सदा तंबाखू चघळणारा. तो पंधरा दिवस नुसता बघत होता. मग एके दिवशी त्याच्या टोळीनं जहीरला अडवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी जहीर चार वेळा वेशीवर परत गेला आणि खुशालरावाच्या मालाची बोली सगळ्यांत शेवटी झाली.

बाजार मोठा मतलबी. जिलेबी बंद झाली. लोक म्हणू लागले, पोट्ट्याचे पाय जड झाले, खाऊन खाऊन माजला. खुशालराव सत्तारला म्हणाला, "पळणारा बदला." जहीर त्या दुपारी जानरावच्या अंगणात येऊन बसला, तोंड एवढंसं झालेलं.

"वहिनी, मले समजून नाही रायलं. मी तेवढाच पळतो. फट येतच नाही."

मैनाबाई बंडीच शिवत होती. तिनं ती दोघांपुढं पसरली. डावा खांदा ठिगळावर ठिगळ, उजवा कोरा करकरीत.

"पायात काही खोट नाही तुह्या," ती म्हणाली. "खोट अथी हाये. हे रोज डाव्याच खांद्यानं ढकलतात. मले हे घरी बसून समजते, त त्या रामरावले बाजारात बसून समजणार नाही? घंटा झाली का त्याचे दोन गडी आधीच तिकडे जाऊन बसते. म्या वरून पाह्यलं. तीन दिवस पाहून रायली."

जानरावनं आपल्या डाव्या खांद्याकडे मान वळवून पाहिलं, जणू कोण्या पाहुण्यानं घात केला होता.

सत्तारला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो दाढी खाजवत राहिला. बाईमाणसानं टोळीला शिकवावं, हे त्याच्या घशाखाली उतरेना. पण मुकादम प्रामाणिक होता. दुसऱ्या सकाळी त्यानं जानरावच्या शेजारी आपल्या जागी एक बदली गडी लावला आणि स्वतः शिडीनं ढिगावर चढला. वर पोचल्यावर दोन पावलं टाकली आणि कमरेपर्यंत कापसात बुडाला. बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. तसाच बुडालेला राहून त्यानं घंटेपासून शेवटपर्यंत सगळं पाहिलं. मग चौघी बायांनी त्याला ओढून बाहेर काढलं. दाढीत कापूस, पागोट्यात कापूस.

"बेटी," तो मैनाबाईला म्हणाला, "मी बारा वर्स मुकादमी केली. जमिनीवरून केली, हे चुकलं."

पळणारा बदलायला त्यानं खुशालरावाकडून होळीपर्यंत मुदत मागून घेतली. तेव्हापासून दुपारचा बाजार उठला की टोळी नांदगाव पेठेच्या वाटेवरच्या मोकळ्या रानात जायची. कडब्यानं भरलेली गाडी आणायची आणि जानरावनं ती उजव्या खांद्यानं रेटायची. पहिले चार दिवस गाडी हलली, पण जानरावच गोल फिरायचा. "म्हशीवानी वळू नोका!" मैनाबाई धुऱ्याच्या बांधावरून ओरडायची. पाचव्या दिवशी गाडी सरळ गेली. पण खरी शिक्षा जहीरला होती. त्याला थांबायला शिकायचं होतं. डावा खांदा खाली गेला की त्याचे पाय आपोआप निघत. आता जानराव डावा खांदा नुसता दाखवणार, समोरचे तिकडे धावणार, आणि मग तो उजवीकडे रेटणार. तेवढा वेळ जहीरनं जागचं हलायचं नव्हतं.

"किती थांबू?" जहीर रडकुंडीला येऊन विचारी.

"कमर वळेपर्यंत," जानराव सांगे. "खांद्याचं आयकू नोको. खांदा खोटं बोलते. कमर खोटं बोलत नाही."

होळीच्या आधी हंगाम संपत आला. मुनीमांनी ठरवलं, शेवटच्या दिवशी अमरावतीची म्हणून खुशालरावाची आणि अकोल्याची म्हणून रामरावची टोळी एकमेकींपुढं लावायची. बाकी टोळ्या बाजूला, गाड्या बाजूला. एका टोळीनं न्यायचं, दुसरीनं अडवायचं; प्रत्येकीला तीन वेळा संधी. जो पळणारा ओट्याच्या सगळ्यांत जवळ जाईल त्याला जरीचं पागोटं. आधी अकोल्याच्या तीन खेपा झाल्या. त्यांचा गडी तिसऱ्या खेपेला ओट्यापासून दहा पावलांवर धरला गेला. सगळी टोळी नुसती अडवायलाच उभी असताना कोणी एवढं जवळ जाईल असं वाटलं नव्हतं, असं लोक म्हणाले, आणि अकोल्याच्या गाडीवानांनी फेटे उडवले.

मैनाबाई ढिगावर होती. दुर्गाबाईचा हात तिनं एवढा दाबला होता की त्या माउलीची बोटं बधिर झाली.

पहिल्या खेपेला जानराव जुन्या सवयीनंच गेला, डावीकडे. मुद्दाम. रामरावचे दोघं तिथं बसलेलेच होते. जहीर तीस पावलांत धरला गेला. बाजारात कोणीतरी हाळी दिली, "झोपला रे जहीर!"

दुसऱ्या खेपेला डावा खांदा खाली गेला, ते दोघं तिकडे धावले, जानराव उजवीकडे वळला, सगळं ठरल्यासारखं झालं. पण जहीर एक श्वास आधी निघाला. फट अजून उघडली नव्हती. तो सत्तारच्या पाठीवर जाऊन आदळला आणि गठडी अकोल्याच्या हातात गेली. सत्तारनं मागं वळून त्याला अशी शिवी हासडली की ओट्यावरच्या मुनीमानं कानात बोटं घातली.

आता एकच राहिली. वेशीवर टोळी पुन्हा उभी राहिली तेव्हा मैनाबाईनं पाहिलं, रामराव आपल्या गड्यांना हातानं काहीतरी सांगत होता. त्याला उजवीकडचंही कळलं होतं. आता त्याचे दोघं डावीकडे बसले नाहीत. मधोमध उभे राहिले, जिकडे कंबर वळेल तिकडे जाऊ म्हणून. वरून ओरडून सांगावं तर आवाज पोचणार नव्हता, आणि तसं ठरलंही नव्हतं.

घंटा झाली. जानराव वाकला. तो दोघांनाही सामोरा गेला आणि कुठंच वळला नाही. नुसता घासत राहिला, वीत-वीत. सत्तार त्याच्या अंगाला चिकटला. टोळी सरकत होती, पन्नास पावलं, साठ, शंभर. जहीर पाठीशी, हात कमरेवर. बाजार ओरडत होता, "पळ! पळ बे!" मैनाबाईच्या तोंडून मात्र निघत होतं, "थांब. थांब माय बाप्पा. थांब."

जहीर थांबला. सगळी अमरावती त्याच्या नावानं शिमगा करत असताना तो पोरगा थांबला.

अकोल्याच्या दोघांना धाप लागली. एकानं जरासा पाय उचलला, नीट उभं राहायला म्हणून. जानराव त्याचीच वाट पाहत होता. त्याची कंबर उजवीकडे वळली, तो माणूस उचलल्यासारखा बाजूला गेला; दुसऱ्याला सत्तारनं अंगावर घेतलं; टोकाचा पंजाबराव आतल्या बाजूला धावत आला आणि पुढं उभ्या खुद्द रामरावच्या छातीला छाती लावली. दार उघडलं. ह्या वेळी ते दोन दारांएवढं होतं. जहीर त्यातून असा गेला की त्याला कोणाचं बोटही लागलं नाही. ओट्यावर चढला तेव्हा गठडीची गाठसुद्धा ढिली झाली नव्हती.

बाजार फुटला. लोकांनी जहीरला खांद्यावर घेतलं, ढोल आले, गुलाल होळीआधीच उधळला. मैनाबाई त्या बाजूला बघतच नव्हती. जिथं दार उघडलं होतं तिथं पाच-सहा माणसांचा ढिगारा पडला होता आणि त्यात खाली कुठंतरी तिचा नवरा होता. ती शिडी सोडून कापसावरून घसरतच खाली आली, लुगड्याचा काष्टा खोचून धावली, आणि एकेकाला बाजूला करत तिनं जानरावला बाहेर काढलं. त्याच्या तोंडात माती होती. बंडीचा उजवा खांदा फाटून लोंबत होता.

"गेला?" त्यानं विचारलं.

"गेला."

"मले नाही दिसला."

"म्या पाह्यलं नं," ती म्हणाली आणि पदरानं त्याचं तोंड पुसायला लागली. गर्दीच्या मधोमध, चारचौघांत. नंतर आठवून तिची तिलाच लाज वाटली.

जहीरनं पागोटं घेतलं, डोक्यावर चढवलं आणि खुशीत मिरवला. का मिरवू नये? मुनीमानं विचारलं, एवढा वेळ थांबायची अक्कल कुठून आणली? तो म्हणाला, "साहेब, उघड्या दारातून कोणीबी जाते. उघडणारे ते तिकडे पडले हायेत." लोक हसले. पोरगा विनयानं बोलतो, असं त्यांना वाटलं.

एक माणूस मात्र हसला नाही. संध्याकाळ व्हायच्या आत रामराव लंगडत जानरावच्या अंगणात आला. पंजाबरावनं त्याचा गुडघा चांगलाच शेकला होता. मैनाबाईनं त्याला पाट दिला. तो बसला, तंबाखू थुंकून आला, पुन्हा बसला.

"तुमचा पळणारा ठेवा तुमाले," तो म्हणाला. "तसे पळणारे आमच्या अकोल्यात गल्लीगल्लीत हायेत. मले हा माणूस पायजे. मुकादमाच्या खालोखाल मान देतो. सत्तारभाईले विचारूनच आलो."

जानरावनं बायकोकडे पाहिलं. मैनाबाईला वाटलं होतं की असं काही ऐकलं तर आपण आनंदानं नाचू. प्रत्यक्षात तिला जहीरचं तोंड आठवलं. ती म्हणाली, "उद्या सांगतो."

पण दुसऱ्या सकाळी जहीरच पेढे घेऊन आला. त्याचं लग्न ठरलं होतं, नसीमबानोशी. सासऱ्याचं रंगाऱ्याचं दुकान होतं आणि त्याला जावई दुकानात हवा होता, बाजारात धक्के खात नव्हे. "पागोटं आलं, आता पाय मोडायच्या आधी निघतो," तो म्हणाला. रामरावची गोष्ट ऐकल्यावर त्यानं जानरावला मिठी मारली. त्याचे हात काही पाठीमागे पोचले नाहीत.

रामरावला मैनाबाईनं उत्तर दिलं ते असं: "आमी येतो. पण दोघं येतो. ह्यायले पुढं उभं करसान त मले ढिगावरची जागा पायजे, आन् म्या जे पाह्यलं ते तुमी आयकसान."

रामरावनं थोडा वेळ तंबाखू चघळली. "आयकीन," तो म्हणाला.

पुढच्या हंगामात ती दोघं अकोल्याला गेली. मग अमेरिकेतली लढाई मिटली, कापसाचा भाव दाणकन खाली आला, आणि नमुन्याच्या टोळ्यांचं खूळ जसं आलं तसं गेलं. पुष्कळांचे हंगाम बुडाले. रामरावची टोळी टिकली, कारण रेल्वे अकोल्यात पोचली आणि डबे झटपट भरणारी माणसं लागू लागली. मैनाबाई फलाटावर पोत्यांच्या थप्पीवर उभी राहून कोणी कुठं उभं राहायचं ते सांगे. नव्या आलेल्या हमालांना आधी ते रुचत नसे. आठवडाभरात ते वर बघून विचारू लागत.

सत्तारचाचा म्हातारपणी एकदा आगगाडीत बसून त्यांना भेटायला आला. त्याच गाडीतून जहीरही उतरला, नसीमबानो आणि दोन लेकी घेऊन, अंगानं चांगलाच सुटलेला. मैनाबाईनं त्याच्या पोटाकडे पाहून जी टर उडवली ती नसीमबानोला एवढी आवडली की दोघी दिवसभर चुलीपुढून हलल्या नाहीत. बाहेर तिघं पुरुष बाजेवर बसून, कोणत्या खेपेला कोणाचा पाय कुठं होता यावरून भांडत होते. शेवटच्या खेपेला फट पडली तेव्हा टोळी किती सरकली होती, तर जानराव म्हणत होता शंभर पावलं, सत्तार म्हणत होता सव्वाशे. शेवटी त्यांनी मैनाबाईला बोलावलं. ती पिठाच्या हातानं उंबऱ्यात आली आणि म्हणाली, "एकशे दहा." मग आत जाऊन तिनं आणखी चार भाकरी टाकल्या.